फ्लॅश शिकायला पर्सनल क्लास लावू का वर्कशॉपला जाऊ?

प्रश्न अमळनेरहून आलाय. विचारणाऱ्या भाऊने सहा महिन्यांपूर्वी गोडॉक्स कंपनीचा फ्लॅश घेतला, चुलत बहिणीच्या लग्नात वापरला, तर पुढचे चेहरे चुना लावल्यासारखे आणि मागचा मांडव काळाकुट्ट. युट्युब बघून बघून डोकं गरगरायला लागलं. आता जळगावात एक जण एकट्याला बसवून शिकवतात, पाच बैठका, फी बऱ्यापैकी आहे. दुसरीकडे दोन दिवसांचं वर्कशॉप आहे, तीस जण, मॉडेल वगैरे, फी त्याच्या निम्मी. पैसे कुठे घालू, आणि मामांच्या स्टुडिओतला जुना विविटार फ्लॅश पडून आहे तो दुसरा लाईट म्हणून चालेल का, असं विचारलंय.

आधीच सांगून टाकतो, मी पण शिकवतो, भुसावळला, एका वेळी एकच जण, त्यामुळे माझं मत थोडं त्या हिशोबाने घे. लग्नाचे फोटो १९९८ पासून काढतोय, रोल होते तेव्हापासून, म्हणजे फोटो पांढरा आला का काळा आला हे चार दिवसांनी लॅबमधून प्रिंट आल्यावर कळायचं आणि तोपर्यंत नवरी सासरी जाऊन परत मांडवपरतणीला आलेली असायची.

सरळ उत्तर, पर्सनल लाव. पण पाच बैठकांचे पैसे एकदम देऊ नको, दोनचे दे, आणि त्या दोन बैठकांत त्या माणसाने तुझा कॅमेरा सारखा स्वतःच्या हातात घेतला तर तिसरीला जाऊच नको.

वर्कशॉपला मी पण गेलोय एकदा, गाव आणि घेणाऱ्याचं नाव जाऊ दे. आम्ही चाळीसेक जण होतो. सर तीन लाईट लावून द्यायचे, हा मोठा सॉफ्टबॉक्स, म्हणजे लाईट मऊ करणारी कापडी पेटी, मॉडेल उभी, आणि कॅमेऱ्यावरून ते लाईट पेटवणारा ट्रिगर एकच. तो ट्रिगर पंगतीत वरणाची बादली फिरते तसा फिरायचा, तुझ्या कॅमेऱ्यावर चढला की "एफ ८, १/१६०" एवढं ऐकायचं, म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडायचं आणि शटर किती वेळ, चार क्लिक मारायचे, की पुढचा उभाच. संध्याकाळपर्यंत माझ्याकडे चाळीस फोटो, एकापेक्षा एक. घरी दाखवले, सगळे खूश. पुढच्या रविवारी धरणगावला साखरपुडा होता, तिथे परत तेच, चेहरे पांढरे आणि मागे अमावस्या. कारण एफ ८ का ठेवला ते सरांना माहीत होतं, मी फक्त तो ठेवला होता. म्हणजे मी त्यांच्या लाईटचे त्यांचेच फोटो माझ्या कार्डावर घेऊन आलो होतो, बाकी काही नाही. वर्कशॉप वाईट नसतं रे, ज्याला फ्लॅश येतो त्याला तिथे नवीन काहीतरी दिसतं. तुझ्यासारख्याला फक्त जेवण चांगलं मिळेल.

आता माहिती म्हणशील तर ती मोबाईलवर फुकट पडलीय, ढीगभर. पण व्हिडिओतला माणूस तुझा अंगठा बघत नाही ना. माझ्याकडे शिरपूरचा एक पोरगा यायचा, हुशार, सगळे शब्द पाठ, सिंक स्पीड काय, टीटीएल काय, विचारलं की फाडफाड. पण फोटो काढला की मागे स्क्रीन बघायचा आणि एका दमात आयएसओ, म्हणजे सेन्सर उजेड किती पकडतो तो आकडा, तो पण बदलायचा, फ्लॅशची पॉवर पण आणि एफ नंबर पण. फोटो सुधारायचा कधी, कधी बिघडायचा, आणि कशामुळे ते त्याला शेवटपर्यंत कळायचं नाही. मी दोन तास दुसरं काहीच शिकवलं नाही, दुसरं बटण दाबायला गेला की अंगठ्यावर टिचकी. एका वेळी एकच बदल. तिसऱ्या दिवशी त्याचा फोनच आला की भाऊ, समजलं. एकट्याच्या शिकवणीचे पैसे तू या टिचकीचे देतो, समज.

पहिल्या बैठकीत मी काय करतो ते सांगतो, म्हणजे तुला पारख करता येईल. खोलीची दारं खिडक्या बंद, पडदे ओढलेले, ट्यूब बंद, जमेल तेवढा अंधार. कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ १००, एफ ८, १/२००. फ्लॅश बंद ठेवून एक फोटो. तो काळा यायला पाहिजे, पूर्ण काळा. पोरं हसतात, म्हणतात हे काय शिकवणं. मग फ्लॅश मॅन्युअलवर, १/८ पॉवरवर वगैरे, आणि फोटो. चेहरा आला. आता फक्त शटर बदल, १/१००, १/५०, १/१०, अगदी एक सेकंद. फोटो तोच येतो, ढिम्म फरक पडत नाही. इथं माणूस पहिल्यांदा गप्प होतो. कारण आतापर्यंत शटर कमी केलं की फोटो उजळतो एवढंच पाठ असतं. मग ट्यूब लावायची आणि परत तेच करायचं, आणि आता चेहऱ्यावर फारसा फरक नाही पण मागची भिंत, कॅलेंडर, कपाट हळूहळू अंधारातून वर येतं.

चोपड्याच्या एक बाई होत्या माझ्याकडे, शाळेत शिकवतात, त्यांनी हे बघून वहीत जे लिहिलं ते मी आता सगळ्यांना सांगतो. त्या म्हणाल्या, सर, फ्लॅश म्हणजे बादलीत एकदम ओतलेला हंडा, आणि खोलीतला उजेड म्हणजे नळाची बारीक धार. शटर म्हणजे बादली नळाखाली किती वेळ ठेवली ते. बादली कितीही वेळ ठेवा, हंडा तेवढाच पडणार, वाढणार ती धार. आणि एफ नंबर म्हणजे बादलीचं तोंड, ते लहान केलं की हंडा पण सांडतो आणि धार पण. जिथं नळाला चार चार दिवसांनी पाणी येतं तिथल्या माणसालाच हे सुचणार. हिशोब पण तोच आहे खरं तर, साधा फ्लॅश फुल पॉवरला साधारण १/३०० सेकंद पेटतो आणि पॉवर एकदम खाली आणली तर १/२०००० सेकंदापर्यंत जातो, मग शटर १/५० आहे का १/१०० त्याला काय पडलंय. आयएसओ मात्र दोघांनाही सारखाच लागतो.

तुझ्या बहिणीच्या लग्नात हेच झालंय, फोटो न बघता सांगतो. तू कॅमेरा आयएसओ १००-२०० वर ठेवला असशील, शटर १/२००, फ्लॅश सरळ तोंडावर. नवरी दोन मीटरवर, मागचं डेकोरेशन आठ मीटरवर. उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो, अंतर चौपट म्हणजे उजेड सोळावा भाग, चार स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा नाहीतर दुप्पट). नवरी बरोबर आली की डेकोरेशन काळं पडणारच, यात फ्लॅशचा काय दोष. आणि नळ तू बंदच ठेवलेला. आयएसओ १६०० कर, शटर १/६०, एफ ४, मांडवातला उजेड आधी भरून घे, फ्लॅश बंद ठेवून फोटो काढ आणि मागचं डेकोरेशन बरोबर दिसेपर्यंत सेट कर, मग फ्लॅश लाव, एकदम कमी, त्याच्या सगळ्यात खालच्या पॉवरपासून सुरू कर. फ्लॅशने फक्त चेहरा उचलायचा. हे करताना हात हलला तर मागचं थोडं हलतं, पण चेहरा फ्लॅशने धरून ठेवलेला असतो.

अंतराचा वर्ग हा कागदावर कंटाळवाणा वाटतो म्हणून मी अक्षतांचा फोटो दाखवतो. लग्न लागलं, शेवटचं "सावधान" झालं, वाजंत्री सुरू आणि अक्षता उडाल्या. नवरा-नवरी चार मीटरवर आहेत आणि तुझ्या मागून कोणी मूठ फेकली, ती अर्ध्या मीटरवर हवेत आहे. अंतर आठव्या हिश्शाचं म्हणजे उजेड चौसष्ट पट, सहा स्टॉप. ते दाणे फोटोत गारांसारखे पांढरे गोळे दिसतात, एखादा बरोबर नवरीच्या नाकावर. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून बाजूला स्टँडवर नेला, किंवा छतावर मारला, की तेच दाणे नुसते दाणे दिसतात. हा एक फोटो समजला की अर्धा फ्लॅश समजला असं मी मानतो.

सिंक स्पीडचं मी माझ्या फजितीवरून शिकवतो. डिजिटल नवीन घेतलेला, चोपडा तालुक्यात एका गावात भर दुपारचं लग्न, मी म्हटलं ऊन आहे, शटर १/५०० ठेवू. फ्लॅश एका साध्या मॅन्युअल ट्रिगरवर. स्क्रीन उन्हात दिसत नव्हती, तपासलं कोण. घरी येऊन बघतो तर मांडवातल्या प्रत्येक फोटोच्या खालच्या भागात काळा पट्टा, पायाकडून येऊन हारापर्यंत. नवरीच्या मामांनी विचारलं, भाऊ, हे काय डिझाईन केलंय का? अर्धे पैसे सोडले मी. झालं असं की शटरला दोन पडदे असतात, पहिला उघडत जातो, दुसरा त्याच्या मागून बंद करत येतो. १/२०० किंवा १/२५० पर्यंत, कॅमेऱ्यावर अवलंबून आहे, यालाच सिंक स्पीड म्हणतात, एक क्षण असा असतो की पूर्ण सेन्सर उघडा असतो आणि फ्लॅश त्या क्षणी पेटतो. त्याच्या पुढे गेलं की पहिला पोचायच्या आधीच दुसरा निघालेला असतो, नुसती फट सरकते, फ्लॅश पेटला तेव्हा सेन्सरचा जो भाग झाकलेला तो काळा. हायस्पीड सिंक चालू केलं तर पट्टा जातो, कारण फ्लॅश एकदम न पेटता बारीक बारीक लुकलुकत राहतो, पण त्यात जोर खूप जातो, दोन स्टॉपच्या आसपास नाहीतर जास्तच.

उन्हाचा हिशोब पण मग लगेच करून घ्यावा. कडक उन्हात आयएसओ १०० ला १/२०० वर साधारण एफ ११ लागतो. तुझ्या फ्लॅशचा गाईड नंबर, म्हणजे त्याच्या जोराचा आकडा, त्याला एफ नंबरने भागलं की किती मीटरपर्यंत पुरतो ते कळतं, बॉक्सवर ६० लिहिलाय तो २०० एमएम झूमचा, वाइडला तो ३६ च्या आसपास पकड. ३६ भागिले ११, म्हणजे सव्वातीन मीटर. तेवढ्यापर्यंत फुल पॉवरचा उघडा फ्लॅश पुरतो. त्याला सॉफ्टबॉक्स लावला तर दोनेक स्टॉप खाल्ले, दीड मीटर राहिलं. म्हणजे आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी एक वाजता मोकळ्यावर एका छोट्या फ्लॅशने तू ग्रुप फोटो उजळवू शकत नाही, कितीही शिकलास तरी. सावलीत घे सगळ्यांना, लिंबाखाली. हे सांगणारा शिकवणारा चांगला, दोनशे टक्के.

दुसऱ्या बैठकीला मी वांगं आणतो. खरंच. बामणोदकडची भरताची वांगी, हिरवट पांढरी, चकचकीत. टेबलावर काळा कपडा, त्यावर वांगं. उघडा फ्लॅश समोरून मारला की वांग्यावर एक टिकली दिसते, कडक पांढरी, आणि मागे धारदार सावली. मग तोच फ्लॅश मागच्या पांढऱ्या भिंतीवर मार, वांग्यावर अख्खी भिंत दिसते, मोठी मऊ चकाकी, देठापासून खालपर्यंत उतरलेली, आणि सावलीची कड विरघळते. थर्माकोलची शीट बाजूला धर, वांग्यावर शीटचा चौकोन. म्हणजे लाईट मऊ कशामुळे होतो, वस्तूकडून बघितलं तर तो मोठा दिसतो म्हणून. फ्लॅशच्या तोंडावरचं प्लास्टिकचं टोपण लावून तो मोठा होत नाही, उघड्यावर ते टोपण नुसती पॉवर खातं. सॉफ्टबॉक्स पण लांब नेला की वांग्यावर परत टिकलीच होते. माणसाच्या गालावर हे सगळं होतच असतं पण माणूस हलतो, लाजतो, कंटाळतो, वांगं दोन तास बसतं आणि संध्याकाळी भाजून खाता येतं.

टेबलवरून आठवलं, चाळीसगावला जाऊन ये एकदा, स्टेशनजवळ फोटोग्राफर केकी मूस यांचं घर आहे, आता संग्रहालय आहे ते. तो माणूस १९८९ मध्ये गेला, आयुष्याचा मोठा भाग त्या घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही, आणि टेबलावर साध्या साध्या वस्तू मांडून, लाईट टाकून, असे फोटो काढले की बघणाऱ्याला खरा डोंगर, खरं बर्फ वाटावं. आपल्या खान्देशात एवढं असून आपली पोरं पुण्या-मुंबईला प्री-वेडिंगचे लोकेशन शोधतात. तिथले फोटो बघताना विषय बघू नको, सावली कुठल्या बाजूला पडलीय तेवढं बघ आणि लाईट कुठे ठेवला असेल ते बोटाने दाखव. मी नेतो पोरांना तेव्हा हेच करायला लावतो.

तिसरी बैठक घरात होऊ शकत नाही, ती मांडवातच पाहिजे. तुझा शिकवणारा खऱ्या लग्नात किंवा हळदीला घेऊन जातो का हे आधी विचार. कारण खोलीत पांढरं छत असतं, फ्लॅश वर मारला की झालं. मांडवात वर कापड असतं, मरून, पिवळं, गुलाबी. पिवळ्या कापडावर बाउन्स मारला की पिवळा लाईट खाली येतो, अख्खी वरात काविळीची. जुन्या धाब्याच्या घरात भिंती निळ्या किंवा पोपटी, तिथे तेच, नवरी हिरवी. आणि लॉन्सवर तर वर काहीच नाही, आभाळ. मी लॉन्सवर रात्री फ्लॅश आभाळात मारणारे फोटोग्राफर बघितलेत, ताऱ्यावरून बाउन्स होऊन येईल म्हणून थांबलेत का काय. तिथे हेल्परच्या हातात स्टँडवर छत्री द्यायची, नवरीच्या पंचेचाळीस अंशाला, तिच्या डोक्याच्या थोडं वर. हेल्पर नसेल तर नवरीच्या धाकट्या भावाला थर्माकोल धरायला दे, तो आनंदाने धरतो, फक्त डीजे सुरू होईपर्यंत.

रंगाचं अजून एक. फ्लॅश दिवसाच्या उजेडासारखा असतो, साडेपाच हजार केल्विनच्या जवळ. स्टेजवर पिवळे हॅलोजन असले तर ते तीन हजारांच्या आसपास. दोन्ही एका फोटोत म्हणजे चेहरा बरोबर आणि मागे सगळं केशरी, किंवा मागचं बरोबर केलं तर चेहरा निळा. फ्लॅशच्या तोंडावर केशरी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक तुकडा, लावायचा, सीटीओ म्हणतात, मग दोघांचा रंग जुळतो. छोटा तुकडा येतो, रबर बँडने बसतो. आणि स्टेजच्या एलईडी लाईटमुळे पट्टे येत असतील तर शटर १/१०० किंवा १/५० ठेवून बघ, आपली वीज ५० हर्ट्झची आहे, ते लाईट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, त्यामुळे या आकड्यांना बहुतेक वेळा पट्टे जातात. डीजेच्या लेझरकडे मात्र कॅमेरा धरूच नको, सेन्सर जळतो, ते पट्टे नंतर जात नाहीत.

टीटीएल कधी शिकायचं? शेवटी. फ्लॅश आधी एक हलकी चमक मारतो, कॅमेरा लेन्समधून ती मोजतो आणि ठरवतो किती सोडायचा. वऱ्हाडी पळत असतात तेव्हा याच्यासारखं काही नाही, मी पण वापरतो. पण त्याला माणूस दिसत नाही, उजळ आणि गडद एवढंच दिसतं. आपल्याकडे पुढच्या रांगेत सगळे आप्पा, नाना, तात्या पांढरा सदरा, पांढरी टोपी घालून बसलेले आणि चेहरे शेतात उन्हाने रापलेले. कॅमेरा म्हणतो अरे बापरे किती पांढरं, फ्लॅश कमी कर. कपडे राखाडी आणि चेहरे कोळसा. तिथे फ्लॅशचं कॉम्पेन्सेशन अधिक एक करायचं. काळ्या कोटातल्या नवरदेवाला उलटं, उणे करायचं. ज्याने आधी मॅन्युअल केलंय त्याला हे सांगितलं की लगेच कळतं, ज्याने टीटीएलनेच सुरुवात केली तो फ्लॅश खराब आहे म्हणून दुकानात परत घेऊन जातो.

आणि फ्लॅश कुठे मारायचा नाही हे पण त्याच शिकवणीत यायला पाहिजे. श्रावणात आपल्या खान्देशात कानबाई देवी बसवतात, त्या रात्री मी एका घरी फोटो काढत होतो, समया लागलेल्या, कानबाईचा मुखवटा, नथ, दागिने, सगळं सोन्यासारखं तापलेलं दिसत होतं, आणि मी सवयीने फ्लॅश मारला. सगळं सोनं पितळ झालं. घरची म्हातारी म्हणे, "आरे पोऱ्या, इज नको पाडू," म्हणजे वीज पाडू नको. बंद केला, आयएसओ ३२०० ला काढले, तेच फोटो त्या घरात अजून भिंतीवर आहेत. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात पण तेच, घोड्याच्या डोळ्यासमोर फ्लॅश अजिबात नको. नवरदेव घोड्यावर असताना तर नकोच नको, मी एक नवरदेव फेटा धरून खाली उतरताना बघितलाय.

बैठकांमध्ये निदान आठ दिवस जाऊ दे, आणि दोन तासांपेक्षा जास्त बसू नको, पुढे डोक्यात काही जात नाही. रोज पाच दिवस लागोपाठ शिकवतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नको, मधल्या आठवड्यात तू घरी चुकलाच नाहीस तर पुढच्या बैठकीत विचारणार काय. पहिल्यांदा जाताना चांगले फोटो नेऊ नको. बिघडलेले वीस ने, एडिट न केलेले, मूळ फाईल, म्हणजे कुठल्या फोटोला शटर किती होतं, एफ किती होता सगळं त्यात दिसतं. मी तर फोटो बघून मगच ठरवतो काय शिकवायचं. एकदा पारोळ्याचा एक जण आला, महिनाभर फ्लॅश बिघडलाय म्हणत होता, फोटो बघितले तर फ्लॅश ठीक होता, त्याने लेन्सला जो मोठा हूड लावलेला त्याची सावली खाली पडत होती. पाच मिनिटांत काम झालं, चहा पिऊन गेला, फी कशाची घेऊ.

सेल. हे कोणी शिकवत नाही आणि लग्नात इथेच मार बसतो. फ्लॅश चार पेन्सिल सेलवाला असेल तर चांगले रिचार्जेबल निकेल सेल घे, तीन सेट, बारा सेल, प्रत्येक सेटवर मार्करने खूण कर आणि सेट एकमेकांत मिसळू नको. दुकानातले साधे अल्कलाईन लवकर दम टाकतात, मग तू क्लिक करतोस आणि फ्लॅश पेटतच नाही, आणि नेमकं तेव्हाच हार घातला जातो. लिथियम बॅटरीवाला असेल तर ती बॅटरी उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नको, आपल्याकडे बाहेर ४४-४५ असतं तेव्हा बंद गाडीत काय होतं ते हात लावून बघ. लागोपाठ फुल पॉवरने मारत राहिलास तर फ्लॅश तापून स्वतःच हळू होतो, तो बिघाड नाही, ती त्याची सोय आहे. अर्ध्या पॉवरवर काम कर आणि आयएसओ एक पायरी वाढव, सेल पण टिकतात आणि फ्लॅश पण.

आता मामांचा विविटार. तो नव्या कॅमेऱ्याच्या हॉटशूवर, म्हणजे वरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेवर, चढवू नको, ट्रिगरवर पण नको. जुन्या कित्येक फ्लॅशमध्ये कॅमेऱ्याला जोडायच्या टोकावर दोनशे व्होल्टच्या वर येतात, रोलच्या जुन्या कॅमेऱ्याला ते चालायचं कारण आत नुसता साधा धातूचा स्विच होता, आजच्या कॅमेऱ्याचं सर्किट जळू शकतं. सगळेच तसे नसतात पण कुठला कसा आहे ते मोजल्याशिवाय कळत नाही आणि मोजायला पण माहितीचा माणूस पाहिजे. आणि स्वतः खोलून बघायचा विचार असेल तर तो आत्ताच सोड, आतल्या कपॅसिटरमध्ये सेल काढल्यावर पण तीनशे व्होल्टच्या आसपास साठलेले असू शकतात, आमच्या ओळखीच्या एका मेकॅनिकचा हात दिवसभर बधिर होता. मामांचा फ्लॅश वापरायचाच असेल तर एक ऑप्टिकल स्लेव्ह मिळतो, छोटा, दुसरा फ्लॅश चमकलेला बघून पेटवणारा, त्यावर लाव, म्हणजे कॅमेऱ्याशी वायरचा संबंधच येत नाही, फक्त जुन्या फ्लॅशचं व्होल्टेज झेपणारा स्लेव्ह आहे ना ते दुकानात विचारून घे. तुझा गोडॉक्स तेव्हा मॅन्युअलवर ठेव, टीटीएलची ती आधीची चमक बघून मामांचा फ्लॅश वेळेआधीच पेटून मोकळा होतो. आणि पहिल्यांदा लावशील तेव्हा दोन-चार वेळा फुल पॉवरला रिकामाच मार, वर्षानुवर्षं पडून राहिलेला कपॅसिटर जागा व्हायला वेळ घेतो, पहिला फ्लॅश भरायला मिनिटभर लागला तरी घाबरू नको.